तिसरी काडी

व्हालपाराइसोच्या टेकडीवर, आमच्या घरात
चौदा महिने गॅस पेटला नाही.
एउसेबियो डब्यातले मासे नि पाव खायचा,
मग मीही तेच खाल्लं.
शेजारणीला सांगायचे, शेगडी बिघडलीय.

त्या रात्री निलगिरीचं रान
पेटून उतारावरून पळत खाली आलं.
तो एका घरात शिरला, पिंजरा घेऊन बाहेर पडला.
आत कॅनरी, जिवंत.
हाक मात्र मागच्या खोलीतून आली होती.
एवढंच सांगितलं त्यानं,
तेही न्हाणीघराच्या दाराआडून, नळ सोडून.

दर गुरुवारी फायर स्टेशनात सातजण बसतात.
बोलायला म्हणून जमतात, बोलत नाहीत.
म्हातारा एर्मोसिया संत्रं सोलतो, फोडी वाटतो.
पहिल्या गुरुवारी हा परतला
तर बोटांना संत्र्याचा वास,
आणि मी वेड्यासारखी रडले.

बरं होणं म्हणजे काय, मला ठाऊक नाही.
अजून त्याचे बूट दाराकडे तोंड करून असतात.
अजून रात्री उठून तो
झोपलेल्या माझ्या नाकाशी हात धरतो.
मी झोपलेलीच राहते.

काल पहाटे खर्र झालं.
पहिली काडी त्यानं फुंकून टाकली.
दुसरी काडी मोडली.
तिसरी नुसती धरून उभा राहिला असावा,
कारण "आई गं" ऐकू आलं,
आणि पाठोपाठ गॅसचा भस्सकन आवाज.

कॅनरी गायली वगैरे नाही.
ती कधीच गात नाही, दाणे उधळते फक्त.

चहा कडूजहर झाला होता.
मी दोन कप प्याले.