ऐंशीच्या खालचं

रोमेल कायमचा मनिलाला परत गेला तेव्हा
अठरा दिनारला मला हा अॅम्प्लिफायर देऊन गेला
आणि एक काळा खोका, गुडघ्याच्या वर येणारा,
ज्याच्यावर त्यानं चार वर्षं भाताचा कुकर ठेवला होता.
गोल डाग आहे. पुसला जात नाही.

गुदैबियातला तिसरा मजला. शुक्रवार.
नमाज आटोपून इस्माईल तांडेल आला,
टोपी एका खिशात, दुसऱ्यातून स्क्रूड्रायव्हर.
मी पक्कड शोधेस्तोवर त्यानं वायर दातांनी सोलली,
तांब्याचे केस पिळले,
"लाल ते लाल, काळा ते काळा,
एवढं जमलं की संसारसुद्धा जमतो."
त्याचा जमलेला नाही. मी गप्प.

बटण दाबलं, तर नुसती घूं.
भिंतीत चिणलेल्या भुंग्यासारखी.
एसी बंद केला, फ्रिज बंद केला, घूं तशीच.
शेवटी कळलं, दोन यंत्रांचे प्लग दोन भिंतींत होते.
एका बोर्डावर आणले आणि थांबली.
अर्थिंग एकच हवं, इस्माईल म्हणाला,
दोन जमिनी धरल्या की कुरकुर होणारच.
अकरा वर्षं झाली मला इथे.

सित्र्याच्या कंप्रेसर हाउसनं माझे कान खाल्ले.
दरवर्षी कंपनी त्यांचा आलेख काढते.
माझी रेघ चार हजारांपाशी
पायरी चुकल्यासारखी कोसळते.
चिमण्या गेल्या. शिट्टीचं टोक गेलं.
फोनवर लेक "शाळा" म्हणते, मला "आळा" पोचतं.
खालचं मात्र शाबूत आहे, डॉक्टरीण म्हणाली,
घर जळालं आणि तळघर राहिलं, तसं.
तर हे अठरा दिनार तळघराचे.

खोक्याची जागा ठरवायची रीत उलटी असते.
खोका बसतो आपल्या खुर्चीवर
आणि आपण रांगायचं.
चाचणीला इस्माईलच्या फोनमधलं
त्याच्या भावाच्या लाँचचं इंजिन, दाभोळची खाडी.
गाणं नको म्हणाला, गाण्यात कान फसतो.
मी पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा,
फरशीशी कान नेत भिंतीकडेनं निघालो.
सोफ्यामागे इंजिन पातळ.
दारापाशी लाँच बुडालेलीच.
न्हाणीच्या भिंतीला नुसता गलका, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा.
आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात
ती धक्क्याला लागली.
बरगड्यांच्या आतून.
मी तिथेच पालथा पडून राहिलो.
"मेलास की काय रे?"

क्रॉसओव्हर ऐंशीवर. फेज शून्यावर, मग एकशे ऐंशीवर.
आता मोठा? मोठा. आता? आता पडला.
तेवढ्यात खालून झाडूच्या दांड्याचे ठोके,
तीन, आणि थांबून एक.

अब्दुलमुनीम, सुदानचे, हॉस्पिटलात रात्रपाळीला.
जिना चढून आले, डोळे लाल, आवाज मऊ:
माझी खाट बरोबर त्या कोपऱ्याखाली आहे.
रागावले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी चप्पल काढली, आत आले,
आणि खोक्यावर तळहात ठेवला,
जसा तापलेल्या कपाळावर ठेवत असतील.

मग ते खाली आडवे, फोन छातीवर.
आम्ही वर खोका ढकलतोय.
अजून येतंय. अजून. अजून थोडं.
आता नाही.

सोफा आणि कपाट यांच्या मधे. खाली टायरचे तुकडे.
गेनचा काटा नऊ वाजल्यासारखा.
बरा वाजतो तिथे. बराच.

रात्री पावणेदहाला त्यांचं दार लागतं.
मला ऐकू येत नाही, तळव्यांना कळतं.
मग मी खोका खिडकीखाली ओढतो,
पहाटे ते यायच्या आत परत.
फरशीवर दोन समांतर चरे उमटलेत.
घरमालक डिपॉझिटमधून कापेल.
कापू दे.