बिनअक्षरी

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
उदेशी निटवेअरचा पत्र्याखालचा पोटमाळा.
ऑर्डर अवघ्या तेवीस नगांची.
एवढ्याशा कामाला शेठ एरवी मशीनसुद्धा चालू करत नसे,
पण परदेशचं आहे, म्हणाला, नाव होईल.

लाल जर्सी. बाह्या इतक्या रुंद
की एका बाहीत आमची फिलोमिना अख्खी मावली असती.
आत खांद्यांना गाद्या बांधतात म्हणे.
छातीवर चार अक्षरं भरायची:
तीन उघड्या चंद्रकोरी
आणि शेवटी एका पायावर उभं कुणीतरी.
मी विचारलं, देशाचं नाव काय?
मोघे सुपरवायझर म्हणाले, वाचू नका, भरा.

बर्फावरची हॉकी.
मला ठाऊक होता तो बर्फ चेंदणी कोळीवाड्यातला,
भुशात लोळलेली लादी, टोच्यानं फोडलेली,
सुरमईच्या पोटाखाली गुलाबी होत जाणारी.
त्याच्यावर माणसं धावतात?
धावत नाहीत हो, पायाला सुऱ्या बांधून घसरतात.
फिलोमिनानं कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावली
आणि पुढची बॉबिन भरली.

अठरा नग झाले आणि फॅक्स आला.
शेठ तो गुळगुळीत कागद खिडकीशी धरून
बराच वेळ वाचत राहिला, दोन ओळीच होत्या.
देश मोडला होता.
संघ मात्र जाणार होता.
तिकिटं निघाली होती, गोलकीपर ठरला होता,
कुणाच्या नावानं खेळायचं
तेवढंच राहिलं होतं.
अक्षरं काढा, असं लिहिलं होतं.
दुसरी कुठली घाला, असं लिहिलेलं नव्हतं.

भरायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ उसवायला लागतो.
हे मला कारखान्यानं नाही शिकवलं.
शहापूरला मी वेणू होते.
तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं सुलभा लिहिलं,
'ल' चुकला,
तळव्यानं तांदूळ सारखे केले, पुन्हा लिहिलं,
सगळे हसले, मीही हसले.
सासरी हाक आली की दोन महिने
मी मागे वळून बघायची,
कोण ही सुलभा, का येत नाहीये.

तीन दिवस लाल बुक्का नाकात.
धागा निघाला. भोकं राहिली.
वाफेची इस्त्री फिरवली, उलट्या बाजूनं ब्रश मारला.
मोघे चार पावलं मागे जाऊन म्हणाले,
लांबून नाही दिसत.

महिनाभर टिकला तो संघ.
एका रात्री बातम्यांच्या शेवटी सात-आठ सेकंद दिसला,
शेजारच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर,
आमचा लाल तिथे राखाडी.
कुणीतरी घसरत आलं, कुणीतरी त्याला मिठी मारली,
छात्या कोऱ्या.
बर्फावर सुऱ्यांनी केवढं काय काय लिहिलेलं
आणि त्यावरून पाणी मारत निघालेली गाडी.
मग हवामान.
ते जिंकले की हरले, शेठलाही माहीत नव्हतं.
पुढे पाच जण पाच देशांचे झाले म्हणे,
पैसे मात्र एकाही देशानं पाठवले नाहीत.

एक नग गळ्यात फसला होता, रिजेक्ट.
तो मी पिशवीत घालून घरी आणला, विचारलं नाही.
ह्यांना मोठा, पोराला मोठा,
वीस वर्षं ट्रंकेत, डांबरगोळ्यांत.

आता पोरगा तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये आहे,
उणे अठरा, मटार आणि बोंबील,
कंपनीचं जॅकेट दोघांत एक.
ज्या दिवशी जॅकेट दुसऱ्याचं, त्या दिवशी हा जर्सी घालून जातो.
कुठली रे टीम, फोर्कलिफ्टवाला विचारतो.
माहीत नाही, म्हणतो, गरम आहे.

रविवारी मी ती धुते.
साबण लावताना बोटांना भोकं लागतात.
वाचू नका, म्हणाले होते मोघे.
वाचते.