हप्ते

ओझोरियोला काहीच दुखत नव्हतं.
हीच तर पंचाईत होती.

मी मंगळवारी सायकलवरून जाते,
पिशवीत रक्तदाबाचा पट्टा, वही, साखरेच्या पट्ट्या.
रिबेरा नदीच्या काठावर पन्नास वर्षं
केळीचे घड खांद्यावरून वाहिलेला माणूस.
दुखण्याची भाषा त्याला येते: मणक्याची, दाढेची,
निसटलेल्या कोयत्याची.
पण लघवीला फेस येतो म्हणून गोळी?
"फेस बियरलाही येतो," म्हणाला.
झुल्मीरा हसली नाही.
मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिच्या हातात तेव्हा कॉफीचं गाळणं होतं,
कापडाची पिशवी, तळाशी काळी पडलेली.
मी म्हटलं, बघ, मूत्रपिंड हेच.
साखरेनं वीण सैल होते,
वरून पाण्याची धार जोरात पडली
की चोथा खाली उतरतो.
ही गोळी किटली जरा खालून धरते.
एवढंच.

औषधं देणारा पोरगा बोलघेवडा.
त्यानंच सांगितलं, या गोळीची विद्या
माणूस जराराकाच्या विषाकडून शिकला.

ओझोरियो बराच वेळ गोळीकडे बघत बसला.
अनेझियो, धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा,
केळीच्या तिसऱ्या ओळीत, पानाखाली.
ट्रक येईपर्यंत ह्यानेच मनगट धरलं होतं,
नाडी बोटांखालून पातळ होत होत
नाहीशी झाली.

"म्हणजे देणं लागते ती माझं," तो म्हणाला.
"फेडू दे. हप्त्याहप्त्यानं."
रोज सकाळी दहा मिलिग्रॅम.

दोन महिने फेडलं तिनं.
मग खोकला. कोरडा, रिकामा,
रात्रभर कुणी दार वाजवून पळून जावं तसा.
झुल्मीरा उठून बसायची, पाठ चोळायची,
शेजारचा कुत्राही भुंकायचा कंटाळला.
त्याने गोळी बंद केली, मला सांगितलं नाही.
वहीतले आकडे बोलले.

डॉक्टरीणबाईंनी दुसरी लिहून दिली.
काम तेच, वाट वेगळी.
वर बजावलं: रक्त तपासत राहू,
पोटॅशियम वाढलं तर केळी कमी करावी लागतील.
त्यावर मात्र तो इतका हसला
की मला पट्टा सोडून पुन्हा बांधावा लागला.

"हिच्यात साप नाही ना?"
नाही, म्हटलं.
तो जरा खट्टूच झाला.
जुन्या गोळ्यांची उरलेली पट्टी
अजून कपाटात आहे, अनेझियोच्या फोटोमागे.
मी फेकून दे म्हणते, तो हो म्हणतो.

खोकला गेला.
आता झुल्मीराला झोप येत नाही.
"इतकं शांत," ती म्हणाली,
"की उठून श्वास बघावा लागतो."

या मंगळवारी कागदावरचा आकडा थोडा उतरला होता.
कुणी काही बोललं नाही.
ती कॉफी गाळत होती,
किटली अगदी खाली धरून,
धार बारीक,
आणि आम्ही तिघं
त्या कापडाकडे बघत होतो.