राजीखुशीने

तासगावला दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर
चिंचेखाली माझं टेबल. एकतीस वर्षं.
दोन टाइपरायटर झिजले,
मग पोरानं कॉम्प्युटर घेऊन दिला.

लेकींना वाटा मिळाला त्या साली
माझा धंदा दुप्पट झाला.
खोटं कशाला सांगू?
आधी बहिणीला कुणी विचारतच नव्हतं,
मग सहीचं काय काम?
आता कायदा म्हणतो तिचाही हिस्सा,
म्हणून भाऊ गाडी पाठवतो,
पेढ्यांचा पुडा, काठाची साडी,
आणि माझ्याकडं हक्कसोड तयारच असतं:
कोणाच्याही दडपणाखाली न येता,
अक्कलहुशारीने, राजीखुशीने, विनामोबदला.
नाव आणि गट नंबर तेवढा बदलायचा.

परवा सावळजची मालन आली.
मागं दोन भाऊ, वहिनीच्या हातात थर्मास.
मी वाचून दाखवलं, रोजच्यासारखं, भरभर.
थांबा, म्हणाली. शेवटचं पुन्हा वाचा.
विनामोबदला?
त्याच्या आधीचं.
राजीखुशीने.
हे तुम्हाला कुणी सांगितलं?

धाकटा भाऊ हसला.
आत अंगठ्याचं यंत्र लाल दिवा लावून बसलेलं,
शिपाई नाव पुकारत होता.
बागेचे खड्डे मी काढलेत, म्हणाली,
तवा मी घरातली होते.
आणि उठून चालत एसटी स्टँडकडं गेली.
साडीची पिशवी माझ्या टेबलावर राहिली.

आता वाटपाचा दावा पडेल.
दावा म्हणजे काय ते मी बघितलंय:
पंधरा वर्षं कुठं गेली कळत नाही,
द्राक्षाचे वेल म्हातारे होतात,
भाऊबीज बंद, वकिलाचा पोरगा वकील.
ज्यानं दार उघडून दिलं
तोच तिला पायरीवर बसवून ठेवणार.
हे सांगायला मी उठलो होतो.
चार पावलं गेलो, परत येऊन बसलो.

घरी लोखंडी कपाटात
धाकट्या बहिणीचं हक्कसोड आहे,
पेडच्या पावणेदोन एकराचं.
मीच टाइप केलेलं, एकही खाडाखोड नाही.
सातवी शिकलेली ती.
सही करायच्या आधी कागदावर बोट ठेवून
एवढंच विचारलं होतं,
अण्णा, खुशीतला खु ऱ्हस्व का दीर्घ?

ऱ्हस्व, मी म्हणालो होतो.