करपलेली कड

झोएलचा फोन आला सोमवारी.
‘शुक्रवारी पोचतो. रविवारपर्यंत आहे.’
अकरा वर्षांत ही दोन वाक्यं,
आणि मागे कुणाचा तरी ट्रक घुरघुरत होता.

तो अल्बर्टात, तेलाच्या विहिरींवर.
मी इथेच, सेंट मेरीच्या उपसागरावर,
वडिलांच्या बोटीसकट.
बोटीचं नंतर बोलू.

आधी शेवंडी. दोन, सव्वा-सव्वा पौंडाच्या.
शेजारच्या ओझितने दिल्या, पैसे घेईना.
समुद्राचंच पाणी आणून उकडल्या;
नळाच्या पाण्यात मूठभर मीठ टाकून
ती चव येत नाही, कुणी काही म्हणो.
नांग्या फोडायला दारामागचा दगड,
आईचाच.
गर हातानेच सोडवायचा, सुरीने नाही,
आणि मेयोनीज इतकंच
की तुकडे एकमेकांना धरून राहतील.
पात चिरली. लिंबू. मिरपूड.
मग चेडर, भरपूर, जाड किसलेलं.
मासळी आणि चीज, लोक नाक मुरडतात.
मुरडू देत.

सत्तावन्न साली आमच्या डब्यात रोज हेच असायचं,
चीज सोडून.
घरच्या पावात शेवंड,
कारण घरात दुसरं काही नसायचं.
दुकानदाराच्या पोराकडे विकतचा पांढरा पाव,
त्यात बोलोन्याची गुलाबी चकती.
शेवंड खाणारं घर म्हणजे फाटकं घर,
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं,
आम्हाला येत होतं.
शाळेमागच्या स्प्रूसच्या झाडीत
रस्त्याकडे पाठ करून आम्ही जेवायचो,
भराभर, वास उडून जायच्या आत.

एक दिवस झोएलने सौदा केला.
तीन दिवसांचे तीन डबे देऊन
बोलोन्याचा अर्धा सँडविच आणला,
आणि त्यातला अर्धा मला दिला.
चतकोर.
चव सांगू? साबणासारखी.
पण त्या दिवशी आम्ही
रस्त्याकडे तोंड करून जेवलो,
सावकाश, कुणी बघतंय का ते बघत.

आता त्या शेवंडीचं सोनं झालंय.
वडिलांचा परवाना विकला
तर या गल्लीतली चार घरं येतील.
कागदावर एकच नाव मावत होतं.
मी इथे होतो, तो नव्हता.
एवढंच.
रात्री कधी कधी स्वतःला विचारतो, एवढंच?

तो आला, बूट दाराशी काढले,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
टेबलाशी बसला नाही.
दगड उचलून बघितला, परत ठेवला.
मी पाव लोण्यावर परतले,
वर गर रचला, चीज पसरलं,
ओव्हनच्या वरच्या आचेखाली सरकवलं.
इथून पुढे नजर हलवायची नसते.
चीज आधी घाम धरतं, मग ढिलं पडतं,
मग बुडबुडे, आणि बुडबुड्यांपासून कोळशापर्यंत
मोजून वीस आकडे.

बाराव्या आकड्याला तो म्हणाला,
‘देल्फँ, तुझे केस सगळे गेले रे.’
मी वळून बघितलं.
त्याचेही गेले होते.

धूर झाला. खिडकी उघडली.
तीन बरे निघाले, एक कडेने काळा.
काळा त्याने उचलला,
सुरीने खरवडला, सिंकमध्ये काळी भुकटी पाडत,
आणि माझ्याकडे न बघता चावा घेतला.
मी अडवलं नाही.
तेव्हाही मी अडवलं नव्हतं.

‘बाहेर बसू,’ म्हणाला.
वारा असा की कान बधिर.
पायरीवर दोघे, मांडीवर ताटल्या,
चीजची तार त्याच्या हनुवटीपासून पावापर्यंत लोंबत,
समोरून गाड्या जात होत्या.
कुणीतरी हात केला. आम्हीही केला.

बोट घराच्या मागे होती, ताडपत्रीखाली.
तिच्याकडे आमची पाठ.

अजून शनिवार आहे,
रविवारही, दुपारपर्यंत.