कटती

अर्जाच्या अकराव्या रकान्यात विचारलंय,
संशोधनातील आपली भूमिका.
मी लिहिलं, सहभाग.
मग तेही खोडलं, लिहिलं, अल्प सहभाग.

सावद्याच्या स्टँडमागे झेरॉक्सचं दुकान,
पंख्यानं उडणारी माझी सगळी वर्षं:
सेट पास झाल्याचं पत्र,
आणि नऊ अनुभवपत्रं, तासिका तत्त्वावरची,
प्रत्येक जूनमध्ये उगवलेली, एप्रिलात संपलेली.

दोन हजार एकशे चौदा झाडं.
चिनावल ते खिरोदा, बांधाबांधानं,
प्रत्येक कोवळं पान उन्हाकडे धरून
हरण्याच्या पिवळ्या रेघा शोधत
मी मोजली.
हर्षद बऱ्हाटे मोटारसायकल चालवायचा,
ऊन चढलं की पंपघराच्या सावलीत बसून
मला आकडे विचारायचा.
चांगला मुलगा आहे, खोटं कशाला बोलू.
त्याच्या अर्जात आहे: प्रमुख संशोधक.
लिहिताना त्याचा हात कुठे अडला नाही.
मी शेजारीच होते,
स्पेलिंग सांगत.

मला वाटायचं, हा माझा प्रामाणिकपणा.
विषय सरांनी दिला होता,
सूक्ष्मदर्शक कॉलेजचं,
पाणी पाजलं ते शेतमालकांनी.
सगळ्यांचे आभार मानता मानता
माझ्यापाशी जे उरलं
ते एका शब्दात मावत होतं.

तेवढ्यात सुलभाकाकू आली,
केळीच्या वजनाची वही झेरॉक्सला घेऊन.
बचत गटाच्या काट्यावर तीच बसते.
चष्मा कपाळावर ढकलून तिनं माझा कागद वाचला.
"झाडं मोजली कोनं?"
मी.
"मंग हे काय वं?"
म्हटलं, काकू, स्वतःचं जास्त लिहिणं बरं दिसत नाही.
"जास्त नकोच लिहू.
पन व्यापारी दांड्याची कटती धरतो
तं आपुन काट्यावर भांडतो.
तू तं व्यापारी यायच्या आधीच
कटती धरून बसली."
आणि माझ्याकडूनच दोन रुपये सुटे घेऊन
ती निघून गेली.

नवा फॉर्म विकत घेतला.
आखणी, मोजणी, नमुने, नोंदी: मी.
प्रयोगशाळेतली चाचणी माझी नाही,
जळगावला पाठवली होती. तेही लिहिलं.
प्रमुख लिहिलं नाही.
अल्प पण नाही.
केवढासा शब्द, मी.
एक अक्षर, एक वेलांटी,
तरी लिहिताना पेन दोनदा झटकावं लागलं.

शहाद्याला मुलाखत. टेबलापलीकडे पाच जण.
एकानं विचारलं, येणं-जाणं झेपेल का,
घरी लहान कोण आहे.
(हर्षदला मी नंतर विचारलं.
त्याला असलं काही विचारलं नव्हतं.)
दुसऱ्यानं विषाणूच्या जनुकांचं काहीतरी विचारलं.
पूर्ण माहीत नाही, सर.
पुढचं सॉरी दातांपर्यंत आलं होतं,
गिळलं.
म्हटलं, मला पान दाखवा,
रोग कुठल्या महिन्यात शिरला ते सांगते.
त्यांच्याकडे पान नव्हतं.
मग चहा आला,
कुणीतरी घड्याळ पाहिलं,
या तुम्ही, म्हणाले.

निकाल अजून नाही.
जून तोंडावर आहे,
दहावं अनुभवपत्रही निघेल कदाचित.

पण त्या दिवशी परतताना, चोपडा ओलांडल्यावर,
मला एकदम आठवलं
की पान माझ्या पिशवीतच होतं,
प्रमाणपत्रांच्या खाली,
वर्तमानपत्रात दाबून ठेवलेलं.
कपाळावर हात मारून घेतला.
मग ते काढलं, मांडीवर पसरलं.
शेजारची बाई डोकावली.
"हरण्या ना?"
हो, म्हटलं.
तिसऱ्या महिन्यातला.