कुरकुर

दांडिया बाजारात, कुलुपांच्या दुकानावर
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेला एक स्टुडिओ होता.
तिथे मी अठरा वर्षं ड्रम वाजवले,
पंखा बंद ठेवून.
पंखा माइकात यायचा.

नवरात्राच्या कॅसेटी आम्ही भर वैशाखात करायचो.
खाली रस्त्याचं डांबर मऊ, वर अंबामातेची आळवणी,
दिवसात अकरा गरबे,
गरब्यामागे पस्तीस रुपये, चहा शेठचा.
कव्हरावर गायिकेचा फोटो,
तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत: आणि साथीदार.
त्या ‘आणि’त मी राहायचो,
बँजोवाला युसूफमियाँ राहायचा,
मंजिऱ्यांचा जशुभाई,
दाटीवाटीने.

आई विचारायची, यातलं तुझं कोणतं?
सगळीकडे मीच आहे गं, हे तिला पटायचं नाही.
मग तिसऱ्या अंतऱ्यात टेप थांबवून मागे घ्यायचो:
हे ऐक. रेक्झिनच्या स्टुलाची कुरकुर.
झांजेकडे हात नेताना मी जरासा कलतो.
हां, म्हणायची, हा तू.

मग मशीन आलं.
शेठ म्हणाले, शिर्के, याला आपला ताल तुम्हीच शिकवा.
शिकवला. एका बोटाने, तीन रात्री.
चौथ्या दिवशी माझ्या स्टुलावर त्याचा रिकामा खोका ठेवलेला.

लोक म्हणतात, नंतर मी वर चढलो.
वर कसला, चार पावलं,
काचेच्या या बाजूला.
निर्माता म्हणजे उधारी आपल्या नावावर, एवढंच आधी कळलं.
बाकी हळूहळू:
गायिकेचा घसा बसला की ज्येष्ठमध आपण आणायचा,
आणि भरगच्च गाण्यातून एकेक वाद्य उचलून बाहेर ठेवायचं,
लग्न उरकल्यावर हॉलमधल्या खुर्च्या काढतात तसं.
पहिले निघतात ते ड्रम.
‘पुन्हा एकदा’
या दोन शब्दांचा मला जन्मभर संताप होता.
आता दिवसातून चाळीसदा म्हणतो.

यंदा शेठच्या मुलाकडून जुन्या टेपा घेतल्या,
कपाटासकट. त्याला कपाटाचीच अडचण होती.
हर्षिल पडद्यावर एकेक गरबा धुऊन काढत होता.
तिसऱ्या अंतऱ्यापाशी थबकला:
काका, आ चूं-चूं शानुं छे? काढी नाखुं?

काचेपलीकडे बघितलं. तिकडे कोणी नव्हतं.
गाण्याला ती नको होती.
तेव्हाही नकोच होती.
काढ, म्हणालो.

पेनड्राइव्हच्या डबीवर मात्र सगळी नावं घ्यायची ठरवली.
त्यासाठी आठवडाभर फतेपुरा, वाडी पालथी घातली.
जशुभाईचं आडनाव
नातवाने शाळेच्या दाखल्यावर बघून सांगितलं.
छापखान्यातली पोरगी म्हणाली,
तुमचं कुठे घालू, ड्रमपुढे की निर्मितीपुढे?
जागा एकाच ओळीची उरलीय.

मी म्हटलं, ते राहू दे जरा.
आधी बाकीची वाच मोठ्याने.
तिने वाचली.
पुन्हा एकदा, म्हणालो.